रायफलच्या दुर्बिणीत किंमत कशाची मोजली जाते?

बंगळुरू : रायफलवर बसवायची दुर्बीण घेताना बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न विचारतात तो 'किती पट मोठे दिसते?' असा. दर्जा ठरवण्याच्या दृष्टीने हा सर्वांत कमी उपयोगाचा प्रश्न आहे. प्रतिमा मोठी करून दाखवणे हे दुर्बिणीचे सर्वांत स्वस्त काम असून शंभर डॉलरच्या आत मिळणारी दुर्बीणही २४ पट मोठे चित्र दाखवू शकते. पैसा लागतो तो दुकानाच्या उजेडात न दिसणाऱ्या दोन गोष्टींसाठी. संधिप्रकाशात डोळ्यापर्यंत किती प्रकाश पोहोचतो ही पहिली, आणि शेकडो गोळ्या झाडल्यानंतरही नेमाची खूण जागेवर राहते की नाही ही दुसरी.

या प्रश्नाचा विचार करायला बंगळुरू हे योग्य शहर आहे. १९५४ मध्ये येथे स्थापन झालेली भारत इलेक्ट्रॉनिक्स (बीईएल) ही सार्वजनिक कंपनी सैन्यासाठी रात्रदर्शी उपकरणे बनवते. टोन्बो इमेजिंग ही येथील खासगी कंपनी शस्त्रांवर बसणाऱ्या थर्मल दुर्बिणी तयार करते, तर एसएसएस डिफेन्स ही कंपनी 'सेबर' ही .३३८ लापुआ मॅग्नम काडतुसाची लांब पल्ल्याची रायफल बनवते. या रायफलीला मित्रदेशाकडून निर्यातीची मागणी आल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले होते. शहराच्या पश्चिमेस काही तासांच्या अंतरावर कोडगू जिल्हा आहे. तेथील कोडवा समाज आणि जम्मा जमीनधारक यांना शस्त्र परवान्यातून ब्रिटिशकाळापासून सूट असून केंद्र सरकारने २०१९ मध्ये तिची मुदत ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली. सप्टेंबरमध्ये साजऱ्या होणाऱ्या कैलपोळ्दु या सणाला तेथे शस्त्रांची पूजा होते आणि उंचावर बांधलेल्या नारळावर नेम धरण्याच्या स्पर्धा रंगतात. ही सूट बंदूक बाळगण्याची आहे, शिकारीची नव्हे.

शिकार आणि कायदा

भारतात 'शिकारीची दुर्बीण' हा शब्दप्रयोगच कायद्याच्या चौकटीत अवघडून बसतो. परदेशी कंपन्यांच्या खोक्यांवर 'हंटिंग स्कोप' असे ठळकपणे छापलेले असते. मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अनुसूचित वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे आणि शिकारीच्या व्याख्येत ठार मारण्याबरोबर पकडणे, विष घालणे, सापळा लावणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हेही येते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिने कावळे, उंदीर अशा 'उपद्रवी' प्राण्यांची स्वतंत्र अनुसूची रद्द केली. आता एखाद्या प्राण्याला ठरावीक प्रदेशात आणि ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी ठरवायचे असल्यास केंद्राची अधिसूचना लागते. सर्वसाधारण गुन्ह्याचा कमाल दंड २५ हजारांवरून एक लाख रुपये झाला असून तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे.

याला अपवाद आहेत ते परवानगीचे. माणसाच्या जिवाला धोका झालेल्या किंवा पिकांचे नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबत कायद्याच्या ११ व्या कलमाखाली लेखी आदेश निघू शकतो. केरळने मे २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचे हे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे सोपवले. प्रत्यक्ष गोळी झाडतात ते परवानाधारक बंदूकधारी. अशा कामात दुर्बिणीच्या दर्जाला हौसेपलीकडचा अर्थ येतो. पहाटे किंवा दिवस मावळताना शेतात उतरलेल्या डुकराला गोळी चार इंच सरकून लागली, तर ते जखमी होऊन झुडपात शिरते आणि दुसऱ्या दिवशी त्या वाटेने जाणाऱ्या माणसावर उलटते.

एकेकाळी बंगळुरूच्या आसपासच्या रानांत दुर्बिणीवाचूनच काम चालत असे. नरभक्षकांच्या कथांमुळे मराठी वाचकांनाही परिचित असलेले केनेथ अँडरसन (१९१०–१९७४) याच शहरात राहत. त्यांची विंचेस्टर कंपनीची १८९५ नमुन्याची .४०५ रायफल उघड्या माशीची होती. त्या रायफलीतून रिकामे काडतूस वरच्या बाजूने बाहेर फेकले जाते, त्यामुळे नळीच्या बरोबर वर दुर्बीण बसवणेच अडचणीचे. शिवाय मचाणावरून काही पावलांवर येणाऱ्या वाघासाठी दुर्बिणीपेक्षा नळीवर बसवलेल्या विजेरीचा उपयोग अधिक होता.

युरोपात मात्र दुर्बीण त्याआधीच रुळली होती. व्हिएन्नातील कालेस ही कंपनी १८९८ मधली. अमेरिकेत सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यात ती आली १९३० मध्ये, वीव्हर कंपनीच्या ३३० या नमुन्यामुळे. त्याची किंमत होती १९ डॉलर, आणि 'कमी किमतीत पुरेसा दर्जा' हा या व्यवसायातला आजही न संपलेला वाद तेव्हापासून सुरू आहे.

खोक्यावरचे आकडे

'४×३२' याचा अर्थ चार पट विशालन आणि पुढच्या भिंगाचा व्यास ३२ मिलिमीटर. '३-९×४०' मध्ये विशालन तीन ते नऊ पटींदरम्यान बदलता येते. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की दुर्बिणीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ४×३२ साठी तो ८ मिलिमीटर, ८×५६ साठी ७, आणि २४ पटींवर लावलेल्या ५० मिलिमीटरच्या दुर्बिणीसाठी जेमतेम २.१. तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली अंधारात साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, उतारवयात ती ५ च्या आसपास थांबते, तर भर उन्हात २ ते ३ मिलिमीटरच असते. म्हणजे २४ पटींची दुर्बीण दुपारी मैदानावर ठीक चालते, पण संध्याकाळी सहानंतर तीच दुर्बीण काळोखी होते. चार किंवा सहा पटींची साधी दुर्बीण त्या वेळी अधिक दाखवते. जर्मनी-ऑस्ट्रियातील शिकाऱ्यांनी ८×५६ ची निवड पिढ्यान्‌पिढ्या टिकवली त्यामागे हाच भागाकार आहे.

विशालन वाढले की हाताचा कंपही तितकाच वाढून दिसतो, दृष्टिक्षेत्र आक्रसते आणि उन्हाळ्यात जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेची थरथर चित्रात उतरते. भारतीय लष्कराच्या नेमबाजांनी दीर्घकाळ वापरलेल्या द्रागुनोव्ह रायफलीची पीएसओ-१ ही दुर्बीण अवघी ४×२४ होती. तिच्यातील रेषांवर १.७ मीटर उंचीची आकृती बसवून २०० ते १००० मीटरपर्यंतचे अंतर मोजता येते. चार पटींवर चाललेले हे काम पाहता, ५० मीटरवरील नेमासाठी २४ पटींचा आग्रह धरणाऱ्याने एकदा विचार करावा हे बरे.

नळीच्या जाडीबद्दलही एक गैरसमज पक्का आहे. एक इंची नळीपेक्षा ३० किंवा ३४ मिलिमीटरची नळी जास्त प्रकाश देते असे सांगितले जाते. प्रत्यक्षात जाड नळीमुळे मुख्यतः आतील यंत्रणेला सरकण्यास अधिक जागा आणि नळीला अधिक मजबुती मिळते. लांब पल्ल्याच्या नेमाला त्याचा उपयोग आहे. शंभर मीटरच्या आत काम असणाऱ्याला जास्तीच्या वजनाखेरीज फारसे काही मिळत नाही.

काच आणि तिच्यावरचा लेप

लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो. दुर्बिणीत असे १६ पृष्ठभाग धरले, तर शेवटी डोळ्यापर्यंत जेमतेम ५२ टक्के प्रकाश पोहोचेल. अनेक थरांचा लेप देऊन प्रत्येक ठिकाणची हानी अर्ध्या टक्क्यावर आणली, तर तोच आकडा ९२ टक्क्यांवर जातो. काचेवर लेप देऊन परावर्तन कमी करण्याचे हे तंत्र झाइस कंपनीतील शास्त्रज्ञ अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये विकसित केले.

येथे खोक्यावरील शब्द नीट वाचावे लागतात. 'कोटेड' म्हणजे निदान एका पृष्ठभागावर एक थर. 'मल्टिकोटेड' म्हणजे काही पृष्ठभागांवर अनेक थर. 'फुली मल्टिकोटेड' म्हणजे हवेला लागणाऱ्या सर्व पृष्ठभागांवर अनेक थर. मध्यम किमतीच्या बऱ्याच दुर्बिणी आता या शेवटच्या प्रकारात मोडतात, त्यामुळे काचेतील तफावत पूर्वीपेक्षा घटली आहे. चढ्या किमतीची दुर्बीण उरलेल्या काही टक्के प्रकाशासाठी, कडांपर्यंत टिकणाऱ्या रेखीवपणासाठी आणि रंगांच्या झालरी कमी करणाऱ्या विशेष काचेसाठी पैसे घेते. दिवसाउजेडी हा फरक अनेकांच्या लक्षातही येत नाही. मावळतीनंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत तो लख्ख कळतो.

जिथे स्वस्त दुर्बीण उघडी पडते

काचेची पारख डोळ्याने थोडीफार होते, यंत्रणेची होत नाही. दुर्बिणीच्या आत आणखी एक छोटी नळी असते. बाहेरचे नॉब फिरवले की स्क्रू तिला ढकलतात आणि समोरून एक स्प्रिंग तिला दाबून धरते. नेमाची खूण वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकते ती यामुळे. प्रत्येक 'टिक' आवाजाला ती किती सरकावी हे ठरलेले असते. पाव मिनिट कोनाच्या नॉबवर एका टिकेला शंभर मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर, तर ०.१ मिलिरेडियनच्या नॉबवर बरोबर एक सेंटिमीटर. मेट्रिक मापांत वाढलेल्या भारतीय नेमबाजाला दुसरी पद्धत सोपी जाते.

स्वस्त दुर्बिणीत स्प्रिंग मऊ असते, स्क्रूचे आटे ढिले असतात. नॉब दहा टिका फिरवला तर खूण कधी नऊ, कधी अकरा टिकांएवढी सरकते. कधी फिरवल्यावर हलतच नाही आणि पुढच्या गोळीच्या धक्क्याने एकदम उडी मारते. समजा ४० टिका वर न्यायच्या आहेत, म्हणजे दहा मिनिटांचा कोन. ३०० मीटरवर हे अंतर सुमारे ८७ सेंटिमीटर भरते. यंत्रणा पाच टक्के चुकत असेल, तर नेम चार सेंटिमीटरहून अधिक ढळतो. लक्ष्य दूर गेले की ही चूकही त्याच प्रमाणात वाढत जाते.

याची जुनी कसोटी चौकोनाची आहे. एक गोळी झाडावी, मग नॉब २० टिका उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, २० वर फिरवून प्रत्येक टप्प्यावर त्याच बिंदूवर नेम धरत गोळ्या झाडाव्यात. शेवटची गोळी पहिल्या भोकाशी यायला हवी. भारतात चांदमारीची सोय आणि काडतुसे दोन्ही दुर्मीळ असल्याने हीच परीक्षा गोळीविनाही घेता येते. दुर्बीण शेगड्यात घट्ट पकडून ठरावीक अंतरावर चौकटी आखलेला कागद लावावा आणि टिका मोजत खूण कुठे जाते ते पाहावे. दुर्बिणीची किंमत काहीही असो, परत मूळ जागी न येणारी दुर्बीण महागच पडते.

आणि दुर्बीण निर्दोष असूनही ती बसवणाऱ्या रिंगा व पट्टी हलक्या प्रतीच्या असतील, तर वरील सगळा खर्च फुकट. दुर्बिणीत दोष निघाला अशी शंका आली, तर आधी रिंगांचे स्क्रू तपासावेत.

एअर रायफलचा वेगळा हिशेब

भारतात सर्वसामान्य माणूस दुर्बीण घेतो ती बहुधा एअर रायफलसाठी. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. मात्र तिने पक्षी मारणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच आहे. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये सुरू झालेल्या एअरगन समर्पण मोहिमेत गावकऱ्यांनी आपल्या एअरगन स्वेच्छेने जमा केल्या त्या याच कारणाने.

स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल दुर्बिणीची जितकी नासाडी करते तितकी मोठी रायफलही करत नाही. साध्या रायफलचा धक्का एकाच दिशेने, मागे बसतो. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये दट्ट्या सुटताना बंदूक आधी मागे आणि दट्ट्या पुढे आदळताच झटक्याने पुढे येते. पुढच्या दिशेचा हा झटका सोसण्यासाठी बहुतेक दुर्बिणींची रचनाच केलेली नसते. भिंगे सैल होतात, नेमाची तार तुटते. 'शक्तिशाली रायफलसाठी' म्हणून घेतलेली दुर्बीणही त्यामुळे एअर रायफलवर काही शे छर्ऱ्यांतच निकामी होऊ शकते. घेताना 'स्प्रिंग एअरगनसाठी योग्य' असा स्पष्ट उल्लेख आहे का, एवढे पाहावे.

दुसरी अडचण पॅरॅलॅक्सची. डोळा दुर्बिणीच्या मध्यापासून किंचित सरकला की नेमाची खूणही लक्ष्यावरून सरकलेली दिसते, त्याला हे नाव आहे. शिकारीच्या बहुतेक दुर्बिणी सुमारे शंभर यार्डांवर हा दोष शून्य होईल अशा बेताने जुळवलेल्या असतात. शंभर मीटरवर जुळवलेली ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण दहा मीटरवर वापरली, तर डोळ्याच्या जागेमुळे होणारी कमाल चूक १८ मिलिमीटरपर्यंत जाते. दहा मीटर एअर रायफलच्या अधिकृत लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. म्हणून एअर रायफलसाठी पॅरॅलॅक्स जुळवण्याचे कडे असलेली दुर्बीण लागते.

स्पर्धात्मक नेमबाजीत उतरू पाहणाऱ्यांनी हा खर्च करण्याआधी थांबावे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या रायफल प्रकारांत भिंग असलेली साइट चालतच नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला मिळवलेले विश्वविजेतेपद आणि स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिंकलेले कांस्यपदक, दोन्ही पन्नास मीटर रायफल प्रकारांतील होती आणि दोन्ही वेळी नेम होता तो बारीक छिद्रातून धरलेला.

पावसाळा, बुरशी आणि दुरुस्ती

दुर्बिणीच्या आतली हवा काढून तिच्या जागी कोरडा नायट्रोजन किंवा अरगॉन भरतात, म्हणजे थंडी-पावसात आतून धुके धरत नाही. कोकण, गोवा, कोडगू किंवा मलनाड अशा दमट प्रदेशात ही अट टाळता येण्याजोगी नाही. रबरी कड्यांची सीलबंदी ढिली झाली की आत ओल शिरते आणि काही महिन्यांत भिंगावर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसू लागतात. बुरशी काचेवरचा लेप खाते. नंतर ती पुसली तरी डाग राहतात. चामड्याच्या किंवा फोमच्या बंद पेटीत दुर्बीण ठेवणे हे बुरशीला आमंत्रण असते. सिलिका जेलची पुडी घातलेला हवाबंद डबा त्याहून बरा. वापरलेली दुर्बीण घेताना पुढच्या भिंगातून तिरपा विजेरीचा झोत टाकून पाहिले की हे तंतू लगेच दिसतात.

किमतींचे ढोबळमानाने तीन थर पडतात. शंभर डॉलरच्या आतील मालात एकाच नमुन्याच्या दोन दुर्बिणींतही फरक निघतो. तीनशे ते आठशे डॉलरच्या थरात अमेरिकेतील ल्युपोल्ड, व्हॉर्टेक्स, बुशनेल यांसारख्या कंपन्यांचे बरेच नमुने येतात. दोन हजार डॉलरच्या वर ऑस्ट्रियाची स्वारोवस्की, जर्मनीच्या झाइस आणि श्मिट उंड बेंडर यांचे राज्य आहे. मधल्या थरातील अनेक कंपन्या स्वतः काच घडवत नाहीत. जपान, फिलिपिन्स किंवा चीनमधील कारखान्यांकडून ती करून घेतात. त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या दुर्बिणी एकाच छपराखाली बनलेल्या असू शकतात आणि फरक उरतो तो तपासणीच्या काटेकोरपणात व हमीत. व्हॉर्टेक्स आणि ल्युपोल्ड आयुष्यभराची हमी देतात, पण दुरुस्तीसाठी दुर्बीण परदेशी पाठवून परत मागवण्याचा खर्च आणि कागदपत्रे भारतीय ग्राहकाने किमतीतच धरावीत. पहिल्या थरातून दुसऱ्या थरात जाताना दर्जातील वाढ खर्चाच्या मानाने मोठी असते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ती बरीच कमी असते.

रात्रीची दुर्बीण

बंगळुरूच्या कारखान्यांचा संबंध मुख्यतः येतो तो या पुढच्या प्रकारांशी. त्यांत काचेपेक्षा इलेक्ट्रॉनिक्सची किंमत अधिक असते. इमेज इंटेन्सिफायर प्रकारात चांदण्यांचा अंधुक प्रकाश एका नलिकेत अनेक पटींनी वाढवला जातो. ही नलिका हाच त्या उपकरणाचा महागडा गाभा असतो आणि तिचे उत्पादन बीईएलची उपकंपनी पुण्यात करते. रात्रदर्शी उपकरणे जोडण्याचे काम बीईएलच्या मछलीपट्टणम येथील केंद्रात चालते. १९२६ मध्ये सुरू झालेली आंध्र सायंटिफिक कंपनी बीईएलने १९८३ मध्ये ताब्यात घेतल्यानंतर ते उभे राहिले. संरक्षण मंत्रालयाने १५ ऑक्टोबर २०२५ रोजी एमकेयू आणि मेडबिट टेक्नॉलॉजीज यांच्या गटाशी ७.६२ मिलिमीटर सिग ७१६ रायफलींच्या अशा रात्रदर्शी दुर्बिणींसाठी ६५९.४७ कोटी रुपयांचा करार केला. चांदण्यांच्या उजेडातही ५०० मीटरपर्यंतचे लक्ष्य टिपण्याची त्यांची क्षमता असून देशी घटकांचे प्रमाण ५१ टक्क्यांहून अधिक आहे.

थर्मल दुर्बिणीला प्रकाश लागतच नाही. ती शरीराची उष्णता टिपते. येथे पाहायचे ते संवेदकावरील बिंदूंची संख्या, म्हणजे ३८४×२८८ की ६४०×४८०, आणि तापमानातला किती सूक्ष्म फरक तिला कळतो ते. विशालनाचा आकडा येथे तर आणखी फसवा असतो, कारण मूळ भिंगाच्या पुढचे सगळे विशालन म्हणजे मोबाइलवर छायाचित्र बोटांनी ताणावे तसे. साधी काच उष्णतेच्या लांब लहरी अडवते, म्हणून तिचे पुढचे भिंग बहुधा जर्मेनियम धातूचे असते. या धातूच्या पुरवठ्यावर चीनची पकड असून ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. बंगळुरूत किंवा अन्यत्र बनणाऱ्या थर्मल दुर्बिणीच्या खर्चात संवेदकाखालोखाल या भिंगाचा वाटा मोठा असतो.